हिवाळाभर समुद्रकाठी, कॅम्पर व्हॅनमध्ये: खान्देशातून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की फोन सुरू होतात. चोपड्याहून, शिरपूरहून, शहाद्याहून. कोणी भाचीच्या सासरचं, कोणी ह्यांच्या डेपोतलं जुनं माणूस. "बाई, यंदा कधी निघणार? आम्हालाही सांगा ना काय काय लागतं ते." मी अमळनेरची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले, हे एसटीत ड्रायव्हर होते. गेले तीन हिवाळे आम्ही दोघं गुहागरला एका आगरात, म्हणजे घरामागच्या नारळ-सुपारीच्या बागेत, कॅम्पर व्हॅन लावून राहतो. फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे लिहून काढले आहेत. अनुभव दोन माणसांचा आणि मुख्यतः एका गावाचा आहे, तेवढं धरून वाचा.

खान्देश सोडून जायचंच कशाला? थंडी तर दोन महिन्यांची.

दोन महिन्यांचीच, पण त्या दोन महिन्यांत धुळ्याचा पारा कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो, आणि आमच्या बोरी नदीकाठचा पहाटेचा वारा हाडांत शिरतो. माझे दोन्ही गुडघे दुखरे. सकाळी दहापर्यंत मी ओट्यावर उन्हाची वाट बघत बसायची. गुहागरला जानेवारीतली रात्र साधारण १८-२० अंशांची असते, एक गोधडी पुरते. तिथे मी सहा वाजता अनवाणी पुळणीवर चालायला जाते. पुळण म्हणजे समुद्राकाठची वाळू, हा शब्द तिथे रोज कानावर पडेल.

दमट हवा सगळ्यांना मानवते असं मात्र नाही. दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आठ दिवस राहून बघा, मगच महिन्यांचा बेत करा.

मग खोली भाड्याने घ्या ना! गाडीत राहायचा अट्टहास का?

हा प्रश्न मला रास्त वाटतो. पंधरा दिवसांसाठी जायचं असेल तर खोलीच घ्या, गाडीचा खर्च निघत नाही. तीन महिने राहायचं असेल तर हिशेब बदलतो. नाताळ ते ३१ डिसेंबर, २६ जानेवारीची जोडून सुट्टी, शनिवार-रविवार, या दिवसांत कोकणातल्या खोल्यांचे दर चढतात आणि महिनेमहिने राहणाऱ्याला कोणी सहसा ठेवून घेत नाही. गाडीला लागते ती अंगणातली एक जागा. शिवाय आपलं अंथरूण, आपला तवा, आपली औषधांची पेटी हलत नाही. वयस्कर माणसाला याचं फार मोल आहे.

कोणतं गाव निवडावं?

अलिबाग, काशीद, मुरूड मुंबईच्या जवळ, म्हणून गर्दीची. दिवेआगर, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, खाली मालवणकडे तारकर्ली-देवबाग. जितकं दक्षिणेला जाल तितका आपल्याला प्रवास लांब. आम्ही गुहागर निवडलं कारण तिथे तालुक्याची बाजारपेठ आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, व्याडेश्वराच्या देवळापासून समुद्र पायी पाच-सात मिनिटांवर आहे आणि किनारा सरळ, लांबलचक, सुरूच्या बनाच्या कडेने चालता येईल असा आहे. ज्या गावात औषधाचं दुकान आणि गॅरेज नाही तिथे तीन महिने राहू नका, समुद्र कितीही सुंदर असला तरी.

गाडी थेट समुद्रावर लावता येते ना? दार उघडलं की लाटा?

नाही. एवढ्या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्या वर्षी आमचंही तेच स्वप्न होतं. एका गावात (गुहागर नव्हे) संध्याकाळी ह्यांनी गाडी वाळूच्या कडेला घेतली. वरून टणक दिसणारी वाळू तीन टनांच्या गाडीखाली दबली आणि मागची चाकं अर्धी आत गेली. जितका रेस तितकी गाडी खाली. भरती चढत होती. गावातल्या पोरांनी चाकांपुढची वाळू हातांनी उकरली, खाली झावळ्या आणि फळकुटं टाकली, एकाने ट्रॅक्टर आणला. बंपरला पाणी लागलं तेव्हा गाडी निघाली. ह्यांची तीस वर्षांची ड्रायव्हरकी, घाटातल्या पावसातही त्यांचे हात कधी थरथरलेले मी पाहिले नव्हते. त्या रात्री चहाची कपबशी त्यांच्या हातात वाजत होती.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ. मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, त्यात शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं निघतात आणि जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. निसर्गात तो उजेड समुद्रावरचा असतो. तुमच्या गाडीचा दिवा किनाऱ्यावर पडला तर पिल्लू तुमच्याकडे येतं आणि उन्हात मरतं. चाकाखाली घरटं दबलं तर वरून कळतही नाही. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ही कासवं वाचवण्याचं काम उभं केलं, आणि आज गुहागरच्या किनाऱ्यावर घरट्यांची संख्या मोठी आहे. वनविभागाने नेमलेले कासवमित्र पहाटे किनारा चालून अंडी शोधतात आणि जाळीच्या कुंपणात हलवतात. २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती.

मी पहिल्यांदा पिल्लं सोडताना पाहिली तेव्हा एक पिल्लू लाटेने तीनदा मागे फेकलं आणि तीनदा तोंड फिरवून पुन्हा पाण्याकडे निघालं. हातभर अंतरावर बसून पाहत होते. तेव्हापासून आमच्या गाडीचे बाहेरचे दिवे संध्याकाळी बंदच असतात. तुम्हीही तसंच करा.

मग गाडी लावायची कुठे? अशी जागा शोधायची कशी?

आगरात. गुहागरसारख्या गावात रस्त्याला घर, घरामागे माड-पोफळीचं आगर आणि आगराच्या टोकाला समुद्र अशी रचना असते. आधी एसटीने किंवा छोट्या गाडीने दोन दिवस जा, खानावळीत जेवा, लोकांशी बोला. आमचं ठिकाण आम्हाला देवळाच्या पायरीवर भेटलेल्या एका काकूंनी दाखवलं, त्यांचंच आगर. कॅम्पर घेऊन थेट दारात जाऊन "जागा आहे का" विचारू नका, समोरचं माणूस गोंधळतं.

टेप घेऊन जा. तिथल्या पाखाड्या (गावातल्या गल्ल्या) अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. गाडी दोन मीटर रुंद असेल तर आरशांसकट अडीच धरा. वळण कुठे आहे, विजेची तार किती उंचीवर लोंबते, फाटक किती उघडतं, सगळं मोजा. आम्ही पसंत केलेली पहिली जागा फाटकामुळे सोडून द्यावी लागली होती.

आणि वर बघा. माडाखाली गाडी लावायची नाही, कधीही नाही. सुका नारळ किंवा वाळलेली झावळी वरून आली तर छताची खिडकी आणि सोलर पॅनल दोन्ही जातात, माणूस खाली असला तर विचारूच नका. पोफळीच्या किंवा आंब्याच्या बाजूला, मोकळ्या खळ्यात (घरापुढच्या अंगणात) जागा मागा.

व्यवहार तोंडी नको. पाणी किती, वीज कशी मोजायची, न्हाणीघर-संडास वापरायचा का, पाहुणे आले तर चालतील का, ते एका कागदावर लिहा, दोन्ही आधार कार्डांच्या प्रती द्या. माझा अनुभव असा, की गाडीत काय काय बसवायचं यावर लोक सहा महिने घालवतात आणि अंगणाचा विचार निघायच्या आदल्या आठवड्यात करतात. क्रम उलटा हवा. चांगलं अंगण मिळालं तर साधी गाडीही चालते.

गाडी कोणती घ्यावी? जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन बनवली तर?

बनवता येते, पण आधी आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ बांधणीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात हे आणखी स्पष्ट केलं. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीतला मान्य प्रकार आहे. म्हणून मान्यता असलेल्या बांधणाऱ्याकडूनच काम करून घ्या, आरसी बुकात बदल चढला की नाही ते स्वतः वाचा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. आरसीत प्रवासी गाडी आणि आत पलंग-शेगडी, असं असेल तर अपघातानंतर दावा अडतो.

हलक्या वाहनाचा परवाना एकूण ७५०० किलो वजनापर्यंतच्या गाडीला चालतो, ट्रॅव्हलरसारखी गाडी त्यात बसते. पण घेण्याआधी भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन चार-पाच दिवस राहून बघाच. राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं आहे, भाड्याने गाड्या मिळतात. आपल्याला उंच पलंगावर चढवतं का, बुटक्या छताखाली जीव घुसमटतो का, हे कागदावर कळत नाही.

पाण्याचं काय?

आमची टाकी १०० लिटरची. आंघोळ काकूंच्या न्हाणीघरात बादलीने, म्हणून स्वयंपाक, भांडी, हात-तोंड मिळून ती अडीच-तीन दिवस जाते. आपल्याकडे एप्रिलमध्ये टँकर पाहिलेल्या माणसाला कमी पाण्यात भागवायला शिकवावं लागत नाही. पण एक गोष्ट आपल्याला नवी असते: समुद्राजवळच्या काही विहिरींचं पाणी फेब्रुवारीनंतर मचूळ लागतं. पिण्याचं पाणी वेगळ्या वीस लिटरच्या जारमध्ये ठेवा. कोकणात इतका पाऊस पडूनही मार्चपासून पाण्याची ओढ असते, तेव्हा यजमानांच्या विहिरीला पंप लावून गाडी धुवायची वेळ येऊ देऊ नका, बादली-फडकं वापरा.

आणि संडास? (हा प्रश्न सगळे शेवटी, हळू आवाजात विचारतात.)

मोकळेपणाने विचारा, सगळ्यात महत्त्वाचा आहे. आमच्या गाडीत पेटीचा संडास आहे, खालची टाकी साधारण वीस लिटरची. दोघांनी पूर्ण वेळ वापरला तर दोन-तीन दिवसांत भरते. म्हणून दिवसा घराचा संडास, रात्री गाडीतला, असा आम्ही नेम केला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री अंधारात अंगण ओलांडावं लागत नाही, ही त्याची खरी सोय.

टाकी रिकामी करायची ती संडासातच, यजमानांना सांगून, सकाळी लवकर, आणि मागून दोन बादल्या पाणी ओतून. बाजारातली काही निळी रसायनं सेप्टिक टँकमधले जंतू मारतात आणि टाकी तुंबते, तेव्हा सौम्य प्रकारचं घ्या आणि थोडंच टाका. परह्यात (ओढ्यात), सुरूच्या बनात, समुद्रात ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यामुळे पुढच्या वर्षी त्या गावात कॅम्परला कोणी थारा देत नाही. वाळू झिरपू असते आणि विहीर तिथून हाकेच्या अंतरावर. भांड्यांचं पाणी अळूच्या वाफ्यात किंवा माडाच्या आळ्यात सोडायचं का, ते काकूंना विचारून.

वीज? सोलरवर भागतं का?

खान्देशात भागलं असतं. आगरात सावली असते हे पॅनल बसवताना कोणी सांगत नाही. ३०० वॅटच्या पॅनलवर मोकळ्या उन्हात दिवसाला एक-सव्वा युनिट मिळावं, आम्हाला माडांच्या सावलीत त्याच्या निम्मंही मिळत नाही. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जवळजवळ सव्वा युनिट. छोटा फ्रीज त्यातलं तिसरा हिस्सा तरी खातो, पंखा आणि दिवे उरलेल्यात बसतात. म्हणून घरातून वायर घ्यावी लागते. जाड वायर, १५ अँपिअरचा प्लग आणि अर्थिंग तपासून. खाऱ्या हवेत जुन्या बोर्डांचं अर्थिंग गंजलेलं असतं, दहा मिनिटं इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मध्ये एक सब-मीटर बसवा. घरगुती बिलात १०० युनिटच्या पुढे दर वाढतो. आपल्या वापरामुळे यजमानांचं बिल वरच्या टप्प्यात गेलं तर तो फरक आपण द्यायचा, त्यांनी मागायची वाट बघायची नाही.

गाडीत स्वयंपाक करणं सुरक्षित आहे का?

काळजी घेतली तर आहे. ५ किलोचा छोटा सिलिंडर, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर जाणारं भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, खाली साचतो. आमची गाडी बांधणाऱ्याने भोक कप्प्याच्या वरच्या बाजूला ठेवलं होतं आणि "सगळ्यांना असंच देतो" म्हणाला. ह्यांनी परत नेऊन खाली पाडून घेतलं. मला त्या माणसाचा अजून राग आहे, कारण त्याच्या इतर गाड्यांत काय असेल या विचाराने झोप उडते.

शेगडी पेटलेली असताना खिडकी आणि छताचा पंखा उघडा. आणि वाटेत मालेगाव-नाशिककडे रात्री थंडी वाजली तर निखाऱ्यांची शेगडी गाडीत घ्यायची नाही. घरी पडवीत शेकणं वेगळं. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना धूर, झोपलेला माणूस उठत नाही. दोन गोधड्या जास्त घ्या.

खाऱ्या हवेने गाडी सडते म्हणतात, खरं का?

खरं. आपल्याकडे वीस वर्षांच्या ट्रॅक्टरचा पत्रा शाबूत असतो, तिथे एका हंगामात बिजागऱ्या तांबूस होतात. निघण्यापूर्वी खालून अंडरकोटिंग करून घ्या. दर आठवड्याला गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने बाहेरून आणि चाकांच्या कमानीतून पुसा, बिजागऱ्यांना तेल, बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन. हँडब्रेक ओढून महिनाभर गाडी उभी ठेवली तर ब्रेकचे लायनर चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा, आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा.

गाडीचं दार पूर्वेला येईल असं उभं करा. भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवताना मी फळ्यावर बाण काढत असे. तिथे ते अंगावर घेतले. दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि मीठ आणतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि कोरडा, गार असतो. पश्चिमेची काच संध्याकाळी बोटाने पुसली की बोट खारट लागतं.

रस्ता कोणता धरायचा?

दोन आहेत. धुळे–मालेगाव–नाशिक–कसारा घाट–पनवेल आणि पुढे मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव, महाड, चिपळूण. किंवा चाळीसगाव–मनमाड–शिर्डी–पुणे–सातारा–कराड आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. अमळनेरहून पहिला आम्हाला साडेसहाशेच्या आसपास पडतो. एका दिवसात करू नका. आम्ही नाशिकला बहिणीकडे मुक्काम करतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी माणगावला तासन्‌तास अडकायला होतं, मंगळवार-बुधवार बघा. कुंभार्ली उतरताना दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका, वजनदार गाडीचा ब्रेक सतत दाबून तापतो.

दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गाडी नेता येते, पण ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो आणि लांब शेपटाच्या गाडीची मागची बाजू घासते. संडासाची टाकी तिथेच असते. भरतीच्या सुमारास चढा.

भरती-ओहोटी आपल्याला कशी कळणार?

मोबाइलवर तक्ता मिळतो. पण काकूंच्या सासऱ्यांनी शिकवलेली रीत सोपी आहे: तिथीला पाऊणने गुणा. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीन वाजता. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अंदाजच आहे, तासभर पुढेमागे होतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त वर येतं. एवढं ठरवायला कालनिर्णय भिंतीवर पुरे. ओहोटी लागलेली असताना पोहायला उतरू नका, पाणी आत ओढतं.

खायचे हाल होतात का?

हाल नाही, पण जुळवून घ्यावं लागतं. ज्वारी तिथे सहज मिळत नाही आणि तिथली गिरणी तांदळाची. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ एकदम दोन महिन्यांचं नेलं तर दमट हवेने आठच दिवसांत कुबट वास येतो, मी स्वतः पाच किलो फेकलं आहे. छोट्या घट्ट डब्यांतून पंधरा दिवसांपुरतं न्या, बाकी कोणी येणार असेल त्याच्याबरोबर मागवा. काळा मसाला टिकतो. बिबड्या (ज्वारीचे पापड) पत्र्याच्या डब्यात, वर कापड लावून, नाहीतर मऊ पडतात. भरताची हिरवी वांगी तिथे मिळत नाहीत, ती आठवण काढायची आणि पुढे जायचं.

गेल्या वर्षी खळ्यात गोवऱ्या पेटवून वरण-बट्टी केली. काकूंच्या नातवाने बट्टी फोडून तुपात बुडवली आणि आजीला म्हणाला, "हे रोज का नाही करत?" त्या बदल्यात मी सोलकढी आणि आंबोळ्या शिकले. मासे खाणाऱ्यांनी ते गाडीत तळू नका, वास उशांतून आठवडाभर जात नाही. बाहेर चूल मांडा.

आजारी पडलो तर?

नेहमीची औषधं तीन महिन्यांची न्या, चिठ्ठ्या आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत. गुहागरला ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं काही झालं तर चिपळूण किंवा डेरवणचं रुग्णालय. रुग्णवाहिकेचा नंबर १०८, आपल्याकडचाच. गाडी कोणत्या पाखाडीत आहे ते सांगता येईल असा पत्ता कागदावर लिहून दाराला आतून चिकटवा. घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही.

फुरसं या सापाबद्दल सावध राहा. रत्नागिरी जिल्ह्यात, चिऱ्याच्या गडग्यांत ती असतात, आकाराने लहान पण विषारी. रात्री टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका, चपला झटकून घाला.

पेन्शन, घर, शेत यांचं काय करता?

राज्य सरकारी पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये देऊनच निघावं, किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो तसं शिकून घ्यावं. ह्यांची पेन्शन भविष्य निर्वाह निधीची, त्यांना तो वर्षात कधीही देता येतो आणि वर्षभर चालतो. तीन एकर बटाईने दिलंय. हरभऱ्याला फवारणी कधी, हे फोनवर होतं. शेजारच्या वहिनी तुळशीला पाणी घालतात, त्यांना परत येताना कोकम आणि काजू. ज्यांची केळी आहे त्यांना मात्र मी जा म्हणणार नाही. थंडीत केळीला माणूस जागेवर लागतो.

खर्च किती येतो?

गाडीचा वेगळा. राहण्याचं म्हणाल तर आम्ही महिन्याला आठ हजार जागेचे देतो, वीज मोजून वेगळी. डिझेल जाता-येता मिळून सव्वाशे-दीडशे लिटर. किराणा घरच्याइतकाच, भाजी थोडी महाग.

तिकडे करमतं का? भाषा-बोली वेगळी, आपलं माणूस नाही.

पहिल्या वर्षी नाताळाच्या सुमारास मला फार एकटं वाटलं होतं. संध्याकाळी समुद्राचा आवाज मोठा होतो आणि आपल्या बोलीतला एक शब्द कानावर नसतो. गावाहून धाकट्या जावेचा फोन आला, "तठे थंडी नही शे का?" एवढंच विचारलं तिने, आणि मला रडू आलं.

त्याच आठवड्यात, २४ डिसेंबरला, हे म्हणाले चल. धोपाव्याहून बोटीने दाभोळ, पुढे दापोली आणि तिथून पालगड. साने गुरुजींचं जन्मगाव. १८९९ साली त्याच तारखेला ते तिथे जन्मले. १९२४ मध्ये ते आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होऊन आले, १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. माझे वडील त्याच शाळेत पुढे शिकले. कोकणातल्या या डोंगराळ गावातून निघून तो माणूस आमच्या तापी-बोरीच्या सपाट, उन्हाच्या मुलखात आला आणि आमचाच झाला. मी त्या गावात उभी राहिले तेव्हा मनातलं परकेपण बरंच उतरलं. अमळनेरच्या कोणीही दापोलीकडे गेलं तर पालगडला जाऊन यावं, माझा आग्रह आहे.

बाकी दिवस कसे जातात विचाराल तर पहाटे चालणं, आगरात पडलेल्या सुपाऱ्या वेचायला मदत, दुपारी झोप, चौथीतल्या दोन मुलांचा अभ्यास. रिकामी राहिले तर मला घर आठवतं.

बाई एकटी राहू शकते का?

माझी एक मैत्रीण, विधवा, एक महिना राहून आली. गाडी तिच्या भाच्याने नेऊन लावली आणि परत आणली. आगरात, नांदत्या घराच्या हाकेच्या अंतरावर असेल तर मी हो म्हणेन. उघड्या माळावर किंवा किनाऱ्यालगत एकटीने नको.

परत कधी निघता?

शिमग्याच्या आधी. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते, खळं सारवून, रांगोळी घालून तयार ठेवतात. त्या वेळी आपली गाडी खळ्यात अडसर होते. काकू तोंडाने कधी बोलणार नाहीत, म्हणून आपणच तारीख सांगून मोकळं व्हायचं. पहिल्या वर्षी आम्ही चार दिवस उशीर केला आणि त्यांच्या मुलांना पोफळीचे दोन खांब हलवून पालखीला वाट करावी लागली. आता महाशिवरात्रीनंतरच्या पहिल्या बुधवारी निघतो. निघण्याच्या आदल्या दिवशी टाक्या रिकाम्या, सब-मीटरचा शेवटचा आकडा काकूंसमोर वहीत, आणि जिथे गाडी उभी होती तिथली वाळू खराट्याने सारखी केलेली.